खरड छाटणी

मणेराजुरीच्या मंडळीत अकरा घरं,
आणि मी घेऊन आलो होतो
दोन कर्णे, एक अ‍ॅम्प्लिफायर,
काचेत बसवलेलं प्रमाणपत्र.

हाक मला सतराव्या वर्षी आली होती.
मिरजेत, आईच्या खाटेशेजारी,
पहाटे सलाईनचे थेंब मोजताना
कुणीतरी माझं नाव घेतलं. दोनदा.
मी वळून पाहिलं,
वॉर्डात सगळे झोपलेले.
पुढे ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी सांगितली
की हळूहळू त्या खोलीत आई उरली नाही,
हाक मारणाराही उरला नाही,
उरलो फक्त मी,
वळून पाहणारा.

पहिल्या रविवारी द्राक्षवेलावर बोललो.
पाऊण तास, मूळ ग्रीक शब्दांसकट.
फाटे, फळ, छाटणी.
पुढच्या सतरंजीवरच्या बाया
पदराआड हसत होत्या.
मला वाटलं, आनंदानं.

उपासना संपल्यावर शलोमीबाई जवळ आल्या.
उजव्या अंगठ्यावर कात्रीचा घट्टा,
रुपयाएवढा.
"पास्टर, तुमची छाटणी कंची म्हनायची?
खरड का गोडी?"

छाटण्या दोन असतात
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

एप्रिलात त्यांच्यामागं बागेत गेलो.
माल उतरलेला, ऊन तारांवर तापलेलं,
आणि बाई वेलाला उघडा करत चाललेल्या,
ओळीमागून ओळ.
मी विचारलं, मग घड कधी?
"हिला घड न्हाई धरायचा.
हिच्यात नुसती काडी पिकवायची."
कशी कळते पिकलेली?
"बुडाकडनं तांबूस होत येती.
शेंडा सगळ्यात शेवटी.
आन् वाढतच राहिला तर
खुडायचा त्याला. त्याबिगर पिकत न्हाई."
मी वही काढली.
त्यांनी माझ्या हातात कात्री दिली.

चौदा वर्षं झाली.
एक कर्णा शाळेनं झेंडावंदनाला नेला, तो तिकडंच राहिला.
अ‍ॅम्प्लिफायरमध्ये उंदरीण व्याली.
मी निराधार पेन्शनचे अर्ज भरले,
बेदाण्याच्या जाळ्या झटकल्या,
एलीशा मास्तरांच्या पाठीवरच्या जखमा धुतल्या
आणि त्यांना काही वाचून दाखवायचं सुचलं नाही.
भांडलोसुद्धा. सांगलीच्या सभेत
खुर्ची मागच्या रांगेत मिळाली म्हणून
घरी येऊन जेवलो नव्हतो.
हे फार जुनं नाही. मागच्याच वर्षीचं.

परवा तासगावात प्रयोगशाळेत गेलो होतो,
शलोमीबाईंच्या मुलाबरोबर, काड्या घेऊन.
काडीवरचा डोळा त्यांनी उभा चिरला,
सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, मला म्हणाले, बघा.
आत घड होता.
राईहून लहान, फिकट, पण घडच.
ऑक्टोबरच्या छाटणीला अजून महिने होते.
मी बघत राहिलो.
मागची माणसं खोकली तेव्हा बाजूला झालो.

बाई आता मिरजेत आहेत. तोच दवाखाना,
वॉर्ड वेगळा, भिंतीला नवा रंग.
रात्रपाळीला मुलाऐवजी मी बसतो.
त्यांना सांगितलं, डोळ्यात घड दिसला.
"असतोच," म्हणाल्या,
"लोकांस्नी तो गोडीला दिसतो, एवढंच."
आणि तोंड भिंतीकडं केलं.

पहाटे थेंब मोजत होतो.
एकशे बारा, एकशे तेरा.
"शीलवंत."
चौदा वर्षं मला पास्टर म्हणणाऱ्या बाईनं
कधी नव्हे ते नाव घेतलं.
"शीलवंत, उठ की रं."

मी वळून पाहिलं नाही.
खाटेखालून भांडं काढलं,
एका हातानं त्यांची पाठ उचलून धरली,
आणि दिव्याकडं तोंड करून
उभा राहिलो, त्यांना लाज वाटू नये म्हणून.